शुभकार्यात बिब्बा

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. माघातलं मळभ, त्यात पाऊस नसतो, ऊन नसतं, आणि वारा असलाच तर कुणाच्या तरी पाठीमागे लपल्यासारखा असतो. आभाळ खाली उतरून झाडांच्या शेंड्यांवर टेकलं होतं. पहाटेचं दंव दुपार झाली तरी गवताच्या टोकांवर तसंच बसून होतं, उठायचा हुकूम न मिळाल्यासारखं. अशा दिवशी आवाज लांब जातो. म्हणून सुतारपक्ष्याच्या चोचीची ठकठक मुलखाच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सगळ्यांना ऐकू आली, आणि झाडांच्या नावांच्या पाट्या आल्या हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या मुलखात झाडांचं राज्य होतं. भोवती कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आत काडी मोडायची नाही, पान खुडायचं नाही, असा हुकूम होता. हुकूम चांगला होता. खोटं कशाला बोला, त्याच्यामुळे कितीतरी जण कुऱ्हाडीपासून वाचले होते. पण त्या हुकुमानं माणूसकाणूस, गुरंढोरं, सगळ्यांचीच ये-जा थांबली. झाडं वाढली, वेली चढल्या, आणि त्यांची नावं ठाऊक असलेलं बाहेर कुणी उरलं नाही. पलीकडच्या गोठ्यांत वासरं दावणीला जन्मली आणि दावणीलाच मोठी झाली. गवत पेंढी बांधूनच उगवतं, अशी त्यांची समजूत होती.

तेव्हा पंचांनी ठरवलं, की गोठ्यांतल्या वासरांना आत बोलवायचं. त्यांनी रान बघावं, झाडं ओळखावीत, शहाणं होऊन परत जावं. येणाऱ्यानं जाताना दोन पो शेण टाकून जावं, म्हणजे मुलखाचंही भागेल.

ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो बिब्ब्याला.

बिब्बा ओढ्याकाठच्या उतारावर उभा होता. त्याला लागून बेहडा. दोघांची मुळं जमिनीखाली इतकी गुंतलेली, की पाणी प्यायलं कुणी आणि पोट भरलं कुणाचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बिब्बा शिकलेला नव्हता. पंचांच्या बैठकीचा निरोप त्याच्यापर्यंत येईतो बैठक संपलेली असे. कुठलीही गोष्ट त्याला सावकाश कळे; पण एकदा कळली की ती त्याच्यातून जात नसे.

कुंपण घालायच्या आधी गुरं रानात चरायला येत, तेव्हाची त्याला आठवण होती. नवं वासरू हमखास त्याच्या बुंध्याला अंग घासायचं, नाहीतर खाली पडलेलं फळ चघळायचं. फळाचा नारिंगी गर गोड. पण त्याच्या टोकाला काळी बी, आणि बीच्या कवचात जाळणारं तेल. ओठाला टरटरून फोड यायचा. वासरू आकांत करायचं. मग त्याची आई ढुशा देत देत त्याला शेजारच्या बेहड्यापाशी न्यायची आणि खोडावर तोंड घासायला लावायची. बेहड्याच्या सालीनं आग उतरायची. एका दुपारी वासरू दोन झाडं शिकायचं. पुढे जन्मभर ते बिब्ब्याजवळून जाताना एक पाऊल अलीकडे थांबायचं, मान थोडी खाली घालायचं, आणि मग वाटेला लागायचं.

"आपली शाळा पुन्हा भरणार म्हणायची," बिब्बा म्हणाला.

"तुझी शाळा," बेहडा म्हणाला. "मारकुटा मास्तर तू. मला नुसतं डोळे पुसायला ठेवलंय."

पंचांचा प्रमुख गुलमोहर होता. तो मूळचा समुद्रापलीकडचा, पण नेमका दाराशी उभा. येणाऱ्याला पहिला तोच दिसे. पहिला दिसतो तो मोठा, असं आधी बाहेरच्यांना वाटलं, आणि होता होता आतल्यांनाही वाटू लागलं. माघात त्याच्याही अंगावर पान राहत नसे. बाकीच्या झाडांच्या बाबतीत याला पानगळ म्हणत. अध्यक्षांच्या बाबतीत विश्रांती म्हणत.

पाहुण्यांसाठी त्यानं मोठ्या मनानं तयारी केली. आत येणाऱ्या प्रत्येक वासराच्या तोंडाला दोरीचं मुसकं असेल, म्हणजे मळणीच्या बैलाला बांधतात तसं, की कुणी कशाला तोंड लावायला नको. दोन्ही बाजूंना पांढरे गोटे लावून एक वाट आखली. तिच्यावरून जायचं आणि तिच्यावरूनच यायचं. झाडांनी पाहुण्यांशी बोलायचं नाही, कारण झाडं कुठे काय बोलतील याचा नेम नसतो. त्यांच्या वतीनं कोतवाल पक्षी बोलेल. कोतवालाला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येत असे, त्यामुळे झाडांना आपण गप्प आहोत असं वाटायचंही कारण नव्हतं. आणि प्रत्येकाच्या खोडावर चुन्यात लिहिलेली नावाची पाटी.

पाट्यांचं काम सुरू झालं आणि पंचांच्या लक्षात आलं, की आपल्या मुलखातली अर्धीअधिक नावं पाहुण्यांसमोर घेण्यासारखी नाहीत. नरक्या. घाणेरी. खाजकुयली. काय म्हणतील बाहेरचे? मग नावं सुधारण्यात आली. नरक्याचा स्वर्ग्या झाला. तो दिवसभर ताठ उभा होता. वास मात्र जुनाच येत होता. घाणेरीची रंगबहार झाली. खाजकुयलीला मखमलवेल हे नाव मिळालं, तेव्हा ती फांदीवरून लोंबकळत हसली.

"मखमल म्हणा नाहीतर पैठणी म्हणा," ती म्हणाली. "अंगाला लागले की कळेलच."

बेहड्याला आजवर सगळे भुताचं झाड म्हणत आले होते. त्याच्या पाटीवर 'त्रिफळाचार्य' असं लिहून आलं आणि खाली बारीक अक्षरात 'पचनास उत्तम'. बेहड्यानं ते दोनदा वाचून घेतलं आणि फांद्या सारख्या केल्या.

मग कोतवाल आणि सुतार बिब्ब्यापाशी आले.

"आबा, जरा सरळ उभे राहा. पाटी लावायचीय," कोतवाल म्हणाला.

"मी सरळच आहे बाबा. उतार तिरका आहे. काय लिहिलंय?"

"गोडंबी."

एक वाळकं फळ बिब्ब्याच्या अंगावरून सुटून खाली पडलं.

"गोडंबी माझ्या बीच्या पोटात असते," तो म्हणाला. "वरचं कवच फोडलं, तेल जाळलं, की मग ती हाताला लागते. लाडवात घालतात. ते माझं लेकरू झालं. माझं नाव कसं होईल?"

"घराण्यातलंच आहे ना आबा? बाहेरचं थोडंच चिकटवतोय?"

"आणि बिब्ब्याला काय झालं?"

कोतवालानं शेपटीची दोन लांब पिसं आवरून घेतली. "आता तुम्हीच बघा. शुभकार्य आहे. पहिल्यांदा पाहुणे यायचेत. आणि पाटीवर बिब्बा? जो तो म्हणेल, कार्यातच बिब्बा घातला. अध्यक्षसाहेबांनी यादीत ते नाव बघितलं आणि अंगावरच्या शेंगा तीनदा वाजवल्या. तोंडानं उच्चारलं नाही हो. 'ते उतारावरचे' म्हणाले."

"एवढा अशुभ आहे, तर दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर मलाच दाराला का टांगतात?"

"दाराबाहेर टांगतात, आबा. घरात नाही नेत."

हे खरं होतं, आणि बिब्बा खऱ्याला कधी उलट बोलत नसे.

"माझं सोड," तो म्हणाला. "वासरू गोड वाचून माझ्याजवळ येईल. भाजेल."

"जवळ कसं येईल? वाट आखलीय. तोंडाला मुसकं आहे."

"जवळच यायचं नाही, तर मग पाटी कुणासाठी?"

"प्रत्येकाला पाटी, असा ठराव आहे," कोतवाल म्हणाला. त्याच्याकडे एवढंच उत्तर होतं, आणि त्यानं ते अध्यक्षांच्या आवाजात दिलं.

"बिब्बा लिहा, दोन खिळे सोसतो. गोडंबी लिहाल तर एकही नाही."

कोतवालानं सुताराला नुसती मान हलवून खूण केली. सुतार पोटासाठी काम करणारा. त्यानं पाटी धरली आणि ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या ठोक्याला सालीतून चीक उडाला. सुताराच्या गालावर, डोळ्याखाली, चोचीच्या मुळाशी. बघता बघता त्याचं तोंड भाकरीसारखं फुगलं.

"आबा! काय केलंत हे!"

"मी कुठे काय केलं? भोक तू पाडलंस," बिब्बा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आता वेळ घालवू नको. शेजारी जा."

"ये," बेहडा म्हणाला. "इथे, सालीला गाल लाव. असा नाही रे, उजवा. दाबून घास. हां."

थोड्या वेळानं सुताराचा डोळा उघडला. तो बेहड्याच्या बुंध्यावर बसून राहिला. समोरच पाटी होती. त्यानं ती वाचली, मग मागून डोकावून पाहिलं, जणू पाठीमागे आणखी काही लिहिलेलं असेल.

"हे का नाही लिहिलं?" त्यानं विचारलं. "त्यानं भाजलं की याच्याकडे यायचं, हे?"

"पाटीवर जागा नव्हती," बेहडा म्हणाला.

सुतारानं त्या दिवशी दुसरा खिळा मारला नाही. 'गोडंबी' एका खिळ्यावर तिरकी लोंबत राहिली. कोतवाल म्हणाला, असू दे, वाचता येतंय ना.

ऊन न पडताच दिवस मावळतीला लागला. बेहड्यानं विषय काढला.

"घे की रे. नावानं काय फरक पडतो? मला त्रिफळाचार्य म्हणाले, म्हणून मी काय प्रवचन करायला लागलो?"

"तुझं वेगळं. तुला भूत म्हणायचे. खोटं गेलं आणि अर्धंमुर्धं खरं आलं. माझं खरं जाऊन खोटं येतंय."

"बिब्ब्या, अडून बसलास तर नेतील तुला."

"इथे काडी मोडायला बंदी आहे."

"जिवंताची. वाळलेल्याची नाही." बेहड्यानं आवाज खाली आणला. "वाळलेला ठरवला, की वाळवीच्या ताब्यात. आणि तुझ्या अंगावर एक पान आहे का बघ."

"माघात कुणाच्या अंगावर असतं?"

"कुणाच्या नसतं हे बघायला कुणी येत नाही. तुझ्याकडे येतील."

बिब्ब्यानं यावर विचार केला. विचार करायला त्याला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे आले.

दोन-तीन विसा वासरं होती. तांबडी, बांडी, कपिली. एकापाठी एक, तोंडाला नवीन मुसकी. त्यांच्याबरोबर कवडी नावाची म्हातारी गाय होती. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून कवडी. कुंपण घातलं त्या साली ती दूधपिती होती. तिच्याएवढं जुनं गोठ्यांत आता कुणी नव्हतं. नियम सर्वांना सारखा, म्हणून तिच्याही तोंडाला मुसकं होतं.

गुलमोहरानं दारात शेंगा वाजवून स्वागत केलं. मग कोतवाल पुढे झाला. प्रत्येक पाटीपाशी तो थांबे, त्या त्या झाडाचा आवाज काढून दोन वाक्यं बोले आणि पुढे उडे. मी स्वर्ग्या. मी औषधी आहे. मी रंगबहार. मी बारमाही फुलते. झाडं आपलेच आवाज ऐकत गप्प उभी होती. काहींना ते आवडलंही. आपण एवढं नीट कधी बोललोच नसतो, असं त्यांना वाटलं.

वासरांचं लक्ष मात्र लवकरच उडालं. एक जण पांढरे गोटे मोजायला लागला. एका कालवडीनं कोतवालाला विचारलं, "झाडाला वास असतो का हो?"

"पाटीवर आहे का लिहिलेलं?"

"नाही."

"मग पुढे चला."

"कवडीआत्या," मागचं एक वासरू कुजबुजलं, "ही शाळाच ना? मग सुटते कधी?"

उतारावर येईतो वासरं दमली होती. कोतवाल तिरक्या पाटीसमोर बसला, गळा फुगवला, आणि बिब्ब्याच्या सावकाश, घोगऱ्या आवाजात बोलला: "मी गोडंबी. मी नावासारखीच गोड. माझ्यापाशी घटकाभर विसावा घ्या."

विसावा हा शब्द ऐकल्यावर कोण थांबतं? पुढची चार वासरं गोटे ओलांडून बुंध्याकडे निघाली. एक तर अंग घासायला पाठ वळवून तयार झालं.

"मागे व्हा!"

आवाज तोच होता. घोगरा, सावकाश, फक्त या वेळी तो वरून आला.

"मी गोडंबी नाही. मी बिब्बा आहे. भाजाल. एक पाऊल मागे उभं राहा, मग हवं तेवढं बघा."

वासरं जागच्या जागी थबकली. कोतवालानं घाईघाईनं पुन्हा तोच आवाज काढला, "मी गोडंबी, मी गोड," आणि वरून पुन्हा आलं, "मी बिब्बा, मागे व्हा." एकच आवाज दोन तोंडांनी भांडत होता. वासरं कवडीकडे बघू लागली.

कवडी सावकाश पुढे आली. बुंध्यापासून एक पाऊल अलीकडे थांबली. तिनं मान खाली घातली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पायांना आठवलं.

"आवाज दोन्ही सारखेच आहेत," ती म्हणाली. "पण एक म्हणतो जवळ या, एक म्हणतो मागे व्हा. जवळ या म्हणणारे मला कसायाच्या दारातही भेटलेत. चला, मागे व्हा."

मग तिनं एका पांढऱ्या गोट्यावर तोंड घासलं. दोरी जुनी नव्हती, पण म्हातारीची मान बळकट होती. मुसकं निघालं. तिनं खाली पडलेलं एक फळ उचललं, नारिंगी गर तेवढा खाल्ला, आणि काळी बी अशी थुंकली, की ती कोतवालाच्या पायाशी जाऊन पडली.

"गर खायचा. बी दाताखाली धरायची नाही. आणि भाजलंच, तर हे शेजारचे बाबा आहेत ना, यांच्या खोडाला तोंड घासायचं. यांना बेहडा म्हणतात."

"त्रिफळाचार्य," बेहडा पुटपुटला. पण फार मनापासून नाही.

पुढचं आवरणं कोतवालाच्या हातात राहिलं नाही. वासरं एकमेकांच्या तोंडाची मुसकी ओढू लागली. कुणी गवतात तोंड खुपसलं, कुणी ओढ्यात. आणि वरून, फांदीवरून, खाजकुयली ओरडली, "आणि मी खाजकुयली ग बायांनो! मखमल गेली खड्ड्यात! लांबून बघा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल!"

"मी नरक्या!" पलीकडून आवाज आला. "वास येतोय ना? तो माझाच!"

"घाणेरी! घाणेरी मी!"

वासरं हसत होती, शिंकत होती, नाव ऐकलं की त्या दिशेला धावत होती. त्या एका घटकेत त्यांना जेवढी झाडं कळली, तेवढी पाट्यांवर लिहिलेलीही नव्हती.

"शुभकार्यात बिब्बा घातला!" दारातून गुलमोहर गरजला. सगळ्या मुलखानं ते ऐकलं. त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं होतं, आणि चांगलं खणखणीत निघालं.

पाहुण्यांना हाकलून बाहेर काढलं. दार बंद झालं. खाजकुयलीला, नरक्याला, घाणेरीला ताकीद मिळाली, आणि ताकीद ऐकून घेताना त्यांनी आपापली पाटी सरळ केली. एकट्या बिब्ब्याला ताकीद मिळाली नाही. त्याच्यासाठी दुसरा कागद निघाला.

दोन दिवसांनी कोतवाल उतारावर आला. त्याच्यामागे जमिनीवरून मातीची एक ओली रेघ सरकत येत होती. ती वाळवी होती. वाळवी वाईट नसते. तिला काम असतं. हुकूम नसेल तर ती ओल्या लाकडाला शिवत नाही, आणि हुकूम असेल तर ओलं-सुकं बघत नाही. रेघ बिब्ब्याच्या मुळाशी येऊन थांबली.

कोतवालानं अध्यक्षांच्या आवाजात कागद वाचला. उतारावरच्या झाडाच्या अंगावर एकही पान आढळून आलेलं नाही. सबब सदर झाड वाळलेलं आहे. वाळलेल्यास जिवंतांचा हुकूम लागू नाही.

"मी बोलतोय की," बिब्बा म्हणाला.

"कागदात पानांचं आहे, आबा. बोलण्याचं नाही." हे तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, आणि बिब्ब्याकडे न बघता म्हणाला. "आता फक्त शेजाऱ्याची साक्ष राहिलीय."

कारण त्या मुलखात अशी रीत होती. झाड मेलं की नाही, हे वरून कुणालाच कळत नाही. ते कळतं मुळाला मूळ लागलेल्या शेजाऱ्याला. त्यानं हो म्हटल्याशिवाय वाळवी वर चढत नसे. आणि त्यानं हो म्हटलं, की त्यावर दुसरं कुणी बोलत नसे. अध्यक्षांनाही ती रीत मोडता आली नव्हती. वाळवीनंच ऐकलं नसतं.

"त्रिफळाचार्य," कोतवाल पुन्हा अध्यक्षांच्या आवाजात बोलू लागला, "आपला शेजारी वाळला आहे का? हो की नाही, एवढंच सांगावं. आपली पाटी मोठी करून दाराशी लावायचा पंचांचा विचार आहे."

बेहडा आपल्या पाटीकडे बघत राहिला.

"यंदा आपल्याही अंगावर पान दिसत नाही," आवाज म्हणाला. "पंचांचं तिकडे अजून लक्ष गेलेलं नाही."

बेहड्याच्या शेंड्यापासून एक बारीक थरथर निघाली आणि बुंध्यातून खाली उतरली. जमिनीखाली ती बिब्ब्याला पोचली.

"हो म्हण," बिब्बा हळूच म्हणाला. "मी रागावणार नाही. दोघांनी जाण्यात काय शहाणपण आहे? तू राहिलास तर सावली तरी राहील."

"गप बस जरा," बेहडा म्हणाला.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं खुरांचा आवाज आला. कुंपण जिथे ओढ्यावरून जातं तिथे खाली हातभर पोकळी होती. वाकलं की वासराएवढं वासरू आत येतं. त्यातून वासरं आली. सात-आठ होती. पाटी नव्हती, वाट नव्हती, तोंडाला मुसकं नव्हतं. कवडीला पोकळीतून येता येईना, म्हणून ती पलीकडेच उभी राहून रवंथ करत होती. वासरं उतार चढून आली, बिब्ब्यापासून एक पाऊल अलीकडे ओळीनं थांबली, आणि एकामागून एक त्यांनी माना खाली घातल्या.

कुणाचा आवाज काढावा, हे कोतवालाला सुचेना.

त्यात एक बांडं वासरू होतं, जरा हावरट. सांगितलेलं सगळं त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्यानं एक फळ बीसकट तोंडात घातलं आणि कराकर चावलं. पुढच्याच क्षणी त्याच्या ओठावर पिकल्या करवंदाएवढा फोड आला. त्यानं असा हंबरडा फोडला, की वाळवीची रेघ जागच्या जागी आखडली.

कुणी कुणाला हाक मारली नाही. बाकीच्या वासरांनीच त्याला डोक्यांनी रेटत, ढुशा देत, शेजारी नेलं. बेहड्याच्या बुंध्यावर नेमकी तोंडाच्या उंचीवर पाटी होती. ती आड येत होती. बांड्यानं ती कपाळानं बाजूला ढकलली; खिळा निघाला, पाटी सुटली आणि चुन्याची बाजू मातीत करून पालथी पडली. त्या मोकळ्या सालीला ओठ लावून वासरू घासू लागलं. आधी रडत, मग मुसमुसत, मग नुसतंच.

"त्रिफळाचार्य, पंच थांबले आहेत," कोतवाल अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला. "शेवटचं विचारतो. शेजारी वाळला आहे का?"

वाळवीनं डोकं वर केलं. वासरांनी माना वळवल्या. खाजकुयलीसुद्धा हलायची थांबली.

बेहडा कोतवालाकडे वळला नाही. त्यानं आपल्या बुंध्याशी डोळे मिटून उभ्या असलेल्या बांड्याकडे पाहिलं, त्याचा ओठ पाहिला, आणि मग सगळ्यांच्या डोक्यांवरून, आख्ख्या मुलखाला ऐकू जाईल अशा आवाजात, तो शेजारच्याला म्हणाला:

"बिब्ब्या, याची आग उतरली रे. पुढचं पाठव."